कारण : चहा

वालीवच्या आमच्या कारखान्यात दिवसातून एकदाच चहा येतो. सकाळी दहाला, किटलीतून, ज्याच्या त्याच्या मशीनवर. तो प्यायला कुणी जागा सोडत नाही. तरीही आमची क्लाउडवरची नोंद उघडलीत, तर तीन नंबरच्या प्रेसवरचा माणूस एका आठवड्यात अकरा वेळा चहाला गेलेला दिसेल. ते अकराही चहा मी पाजलेत, माझ्या फोनवरून, अंगठ्याने.

मी तिथे प्रोडक्शन बघते. वसईजवळच्या गास गावातल्या आमच्या नातेवाइकांना याचं अजून नवल वाटतं. आमच्याकडच्या मुली शिक्षिका होतात, नर्स होतात, बँकेत लागतात. मी डिप्लोमा केला आणि पत्र्याचे भाग कापणाऱ्या पावर प्रेसच्या धडधडाटात जाऊन बसले. लग्नाकार्यात कुणी ना कुणी विचारतंच, ‘तिकडे पुरुष ऐकतात का गं तुझं?’ ऐकायचे. माझा त्यात फार तोरा होता, हे आधीच सांगून टाकते.

दोन वर्षांपूर्वी आमचा माल घेणाऱ्या पुण्याच्या कंपनीने अट घातली, की प्रत्येक मशीन क्लाउडला जोडा, नाहीतर ऑर्डर दुसरीकडे जाईल. मालकाने आठवड्याभरात सगळं बसवून घेतलं. प्रत्येक प्रेसला एक छोटी पेटी आणि वर एक लाल दिवा. पेटी मशीनचे फटके मोजायची आणि वर पाठवायची. मशीन तीन मिनिटांहून जास्त थांबलं की दिवा पेटायचा आणि माझ्या फोनमधल्या ॲपवर तांबडा चौकोन यायचा. मग मी पाच मिनिटांच्या आत यादीतून कारण निवडायचं. माल नाही, डाय बदल, वीज नाही, चहा-पाणी, मशीन बिघाड. नाही निवडलं तर मालकाचा फोन वाजायचा, आणि मग माझा.

यातलं ‘मशीन बिघाड’ मी एकदा, अगदी सुरुवातीला, दाबलं होतं. दाबताक्षणी मशीनला कुलूप लागलं. निरोप मालकाला गेला, पुण्यालाही गेला. आता मेकॅनिकने येऊन दुरुस्तीचा फोटो टाकल्याशिवाय मशीन सुरू होणार नव्हतं, आणि आमचा मेकॅनिक दहा कारखाने सांभाळणारा, त्याच्या सवडीने उगवणारा. दीड दिवस मशीन उभं राहिलं. मालक सगळ्यांसमोर म्हणाला, “तुला मशीन चालवायला ठेवलंय की बंद करायला?” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानंतर आमच्याकडे ते बटण कुणीही दाबलं नाही. पट्टा सरकला, तेल संपलं, काहीही होवो, कारण एकच. चहा-पाणी. नव्या सुपरवायझरला मी स्वतः शिकवलं होतं, की यादी पाचाची असली तरी आपली चाराचीच समज.

तीन नंबरवर काका होते, सगळेच त्यांना काका म्हणायचे. विरारकडच्या खाडीकाठच्या भातशेतीच्या गावचे, पण बरीच वर्षं मनवेलपाड्याच्या चाळीत राहणारे. पंचवीस वर्षं प्रेसवर काढलेला माणूस. मशीन काय म्हणतंय ते त्यांना कानाने कळायचं. एका सोमवारी ते माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

“बाय, हिचा आवाज बराबर नाय. एकदा पॅडल दाबला तं दोनदा पडते.”

प्रेसमध्ये याहून वाईट काही नाही. पायाने पॅडल दाबलं की वरचा जड ठोकळा एकदा खाली येतो, पत्रा कापतो आणि वर जाऊन थांबतो. तो थांबल्यावर कामगार हात घालून तयार पीस काढतो. ठोकळा थांबलाच नाही आणि आपण होऊन पुन्हा खाली आला, तर तेव्हा तिथे पत्रा नसतो, हात असतो. मला हे डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी शिकवलं होतं. काकांना शिकवावं लागलं नव्हतं.

“ब्रेक ढिला झालाय,” ते म्हणाले. “मी आवलतो. धा मिनटां लागतील.”

त्यांनी मशीन बंद केलं, पाना घेतला, ब्रेक आवळला. मी चहा दाबलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी दोनदा. गुरुवारी पाना पुसता पुसता ते म्हणाले, “मशीन खराब हाय असा लिव ना, बाय. येकदा नीट करून घेव.”

“लिहिलं तर मशीन बंद पडेल, काका. शनिवार-रविवारचा माल कसा जाणार? आणि शिव्या मला बसतील.”

त्यांनी पाना खिशात खोचला. “मंग ऱ्हाव दे,” म्हणाले. माझ्यावर चिडलेही नाहीत. चिडले असते तर कदाचित मी विचार केला असता.

त्या रविवारी ऑर्डर पुरी करायला कारखाना चालू ठेवला होता. मी सकाळी मिस्साला जाऊन मग येणार होते. आईबरोबर देवळात बसले होते, फादरांचं प्रवचन चाललं होतं, आणि पर्समध्ये फोन थरथरला. काकांचा फोन. मी कापला. पुन्हा आला, पुन्हा कापला. मग तांबडा चौकोन आला, तीन नंबर, थांबलेलं. आईने डोळे वटारले. मी पर्सच्या आतच, न बघता म्हणावं इतक्या सवयीने, चहा दाबलं. चौकोन हिरवा झाला.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. मी कारण दाबलं की मशीनवरचा लाल दिवा विझायचा. ॲपच्या हिशेबी त्याचा अर्थ एवढाच, की नोंद झाली. कारखान्यात मात्र सगळे त्याचा अर्थ ‘बाईंनी बघितलं, चालवा’ असा घ्यायचे. असं कुणी ठरवलं नव्हतं. सवयीने पडत गेलं होतं, आणि मला ते पक्कं माहीत होतं. मला त्याचं बरंही वाटायचं, की नुसत्या अंगठ्याने मी घरबसल्या कारखाना हलवते.

त्या सकाळी ब्रेक आवळूनही धरत नव्हता. म्हणून काकांनी मशीन थांबवलं आणि विचारायला मला फोन केला. मी उचलला नाही. ते मशीनसमोर उभे राहिले. मग दिवा विझला. बाईंनी बघितलं, असं समजून त्यांनी पॅडलवर पाय ठेवला. चौथ्या पीसला ठोकळा दोनदा खाली आला. उजव्या हाताची तीन बोटं गेली. तेव्हा मी प्रसादासाठी रांगेत उभी होते.

मिस्सा संपल्यावर फोन बघितला, सहा हुकलेले कॉल. स्कूटरवरून वालीवला पोहोचले तोवर त्यांना हॉस्पिटलात नेलं होतं आणि कुणीतरी मशीनवरच्या रक्तावर भुसा टाकला होता. मी संडासात जाऊन दार लावून ॲप उघडलं. सकाळची नोंद बदलायचा प्रयत्न केला. होईना. ॲपवाल्यांना फोन लावला. पलीकडचा माणूस फार अदबीने म्हणाला, “मॅडम, एक बार क्लाउड पे गया तो मालिक भी नहीं बदल सकते. यही तो इसका फायदा है.”

मालकाने दुपारी मला केबिनमध्ये बोलावलं. आवाज चढवला नाही. “जे क्लाउडवर आहे तेच बोल,” म्हणाला. “एक शब्द कमी नको, एक जास्त नको.”

मंगळवारी कारखाना निरीक्षक आले. त्यांच्या हातात त्या आठवड्याच्या नोंदीचा छापील कागद होता. त्यांनी विचारलं, “हा माणूस सारखा मशीन सोडून चहाला जायचा?” मी हो म्हटलं. “मशीनची काही तक्रार?” मी नाही म्हटलं. मी भित्री आहे, हे मला त्या दिवशी कळलं. त्याआधी मी स्वतःला तोंडाळ समजत होते.

दोन आठवडे मला जेवण गेलं नाही. शेवटी कुमसाराला, म्हणजे पापकबुलीला, गेले आणि फादरांना सगळं सांगितलं. वाटलं होतं, काही प्रार्थना म्हणायला सांगतील आणि सुटेन. फादर म्हणाले, “मला सांगून त्याचं काय भलं होणार? जिथे खोटं बोललीस तिथे जाऊन सांग.”

मी निरीक्षकांच्या कार्यालयात गेले. चहा खोटा होता, मशीन आठवडाभर दोनदा पडत होतं, काकांनी मला दोनदा सांगितलं होतं, दिवा मी विझवला, सगळं एका दमात बोलले. साहेबांनी मला पाणी दिलं, फाईल काढली आणि काकांचा हॉस्पिटलातला जबाब वाचून दाखवला. ‘मी वेळोवेळी चहासाठी जात होतो. मशीनमध्ये दोष नव्हता. चूक माझीच आहे.’ खाली डाव्या अंगठ्याचा ठसा होता. सही करणारी बोटं राहिली नव्हती.

“त्यांचा जबाब, तुमचा पहिला जबाब आणि कॉम्प्युटरची नोंद, तिन्ही एकमेकांशी जुळतात,” साहेब म्हणाले. “तुम्ही आता जे सांगताय ते कशाशीच जुळत नाही. लेखी द्या, फाईलला लावतो.” मी लेखी दिलं. ते लागलंही असेल.

तिथून तशीच मनवेलपाड्याला गेले. काका खोलीत पलंगावर बसले होते आणि त्यांची बायको त्यांच्या शर्टाची बटणं लावत होती. तिने माझ्याकडे बघितलं नाही. मी विचारलं, “काका, असं का सांगितलंत त्यांना?”

“मालक आलता हॉस्पिटलात,” ते म्हणाले. “बोलला, बायने फोनवर खोटा लिवलाय ता भायेर आला तं पोलीस तिलाच आत टाकतील. तुझी म्हातारी आय हाय घरा. माझी बोटां तं गेलीच व्हती.”

मला रडू फुटलं. मी त्यांना सांगितलं, की मी आज खरं सांगून आले, लेखी देऊन आले, आता सगळ्यांना कळेल. वाटलं, त्यांना बरं वाटेल. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांचा चेहरा कठोर झाला.

“कोनी सांगितला व्हता तुला जायला?” ते म्हणाले. “माज्याकडं आता येकच उरला व्हता, बाय. साहेबासमोर दिलेला शब्द. तोपन तू खोटा पाडलास.”

बायकोने शेवटचं बटण लावलं आणि दार उघडून धरलं. मी बाहेर आले. पर्समध्ये फोन थरथरत होता.