रथसप्तमीआधी न घासलेला हौद

सोलापुरात ज्या वकिलांनी माझी कॉलेजची फी भरली, त्यांच्या बागेत एक हौद होता. मुंबईच्या एका कापूस व्यापाऱ्याने त्यांना सात जपानी मासे भेट दिले होते. तांबडे-पांढरे, हातभर लांबीचे आणि तोंडाशी बारीक मिशा असलेले. मी पुण्याहून बी.एस्सी. होऊन हायस्कुलात शास्त्र शिकवायला लागलो, तोवर त्यांतले चारच उरले होते. तीन नर आणि एक मादी. दुसरी मादी आदल्याच वर्षी अंडी पोटात अडकून, फुगून मेली होती. उरलेली मादी वकिलांच्या पत्नीच्या, म्हणजे काकूंच्या हातून कणकेची गोळी खायची. शाळेत असताना मी दर गुरुवारी काकूंकडे वाराने जेवायला असे. त्या एकदा मला म्हणाल्या, "एवढा शिकलास, तर हिचं बघ. हिच्यामागं एक तरी पिल्लू राहू दे."

मोडनिंबच्या देवळात बेल-फूल करणाऱ्या घरातला मी पहिला पदवीधर. एवढ्या वर्षांत वकिलांच्या घराने माझ्याकडे मागितलेली ही पहिलीच गोष्ट होती.

मी पुण्याहून एक इंग्रजी पुस्तक मागवले. हे मासे मे महिन्यात अंडी घालतात, असे त्यात स्वच्छ लिहिले होते. झाले, मी मे महिन्याची वाट पाहत बसलो. शेजारच्या विणकराकडून पांढऱ्या सुताचे झुबके आणले, कारण अंडी चिकटायला काहीतरी तंतूंचे लागते. सुताला खळ होती, म्हणून ते दोनदा उकळून घेतले. वैशाखात हौदाचे पाणी हाताला चटका देऊ लागले. मासे तळाशी सावलीत पडून राहिले. मादीचे पोट तर सपाटच दिसत होते.

वकीलकाका आरामखुर्चीतून म्हणाले, "काय बीएस्सी, मुहूर्त टळला का? भटजी बदलून बघ."

मी हसलो. पण रात्री त्या पुस्तकाकडे बघवेना.

पुढच्या माघात एका रविवारी सहज गेलो, तर माळीणबाई काथ्याचा कुंचा घेऊन हौदात उतरायच्या तयारीत होत्या. रथसप्तमीला काकूंचे हळदीकुंकू याच हौदाकाठी व्हायचे, म्हणून दरवर्षी त्याआधी शेवाळ घासून काढत.

पाण्यात वाकून बघत त्या म्हणाल्या, "औंदा साबुदाणा न्हाय आला अजून."

"कसला साबुदाणा?"

"शेवाळाला चिकटतोय की मास्तर, दर साली. लई चिवट. घासून घासून हात दुखत्यात."

"आणि टाकता कुठे?"

"कुटं म्हंजी? केळीच्या बुडात."

शाळेतला थर्मामीटर माझ्या पिशवीतच होता. तो पाण्यात धरला. पारा अडुसष्ट फॅरनहाइटवर थांबला. पुस्तकात मे महिन्यासाठी दिलेला आकडा हाच होता. विलायतेतला मे आमच्या सोलापुरात माघातच येऊन जात होता, आणि ते मला ना पुस्तकाने सांगितले ना माझ्या पदवीने. मग दुसरेही लक्षात आले. ज्या वर्षी ती दुसरी मादी मेली, त्या वर्षी काकूंनी हळदीकुंकू संक्रांतीलाच उरकले होते. हौद पौषातच लख्ख झाला होता. अंडी घालायला तिला शेवाळाचा धागाही उरला नव्हता.

मी घरात जाऊन म्हणालो, "काकू, यंदा हौद घासायचा नाही."

"अरे, शंभर बायका येणार. काय म्हणतील?"

"काय म्हणायचं ते म्हणू देत. पण घासलात तर हीही जाईल."

काकूंनी हातातली वात वळून पुरी केली. मग म्हणाल्या, "त्या काठाला शेवंतीच्या कुंड्या मांडा. तेवढंच झाकलं जाईल."

हळदीकुंकवाआधीच अंडी पडू नयेत म्हणून तिन्ही नर मी दगडी डोणीत वेगळे ठेवले. हळदीकुंकू पार पडल्यावर सुताचे झुबके सोडले आणि संध्याकाळी नर परत हौदात घातले. पहाटे जाऊन पाहतो तो पाणी नुसते उसळत होते. नर मादीला झुबक्यांकडे रेटत होते आणि सुतावर मोत्यांसारखे दाणे चमकत होते. थांबायचे नाही हे मला ठाऊक होते, कारण पोट रिकामे झाल्यावरही नर तिला सोडत नाहीत आणि मासे स्वतःचीच अंडी खातात. झुबके डोणीत हलवले. मादीला विहिरीच्या ताज्या पाण्याच्या घंगाळात ठेवले. तिच्या कुशीवरचे खवले निघाले होते. दोन दिवस ती हलली नाही. काकू घंगाळाजवळच पाट टाकून बसायच्या. तिसऱ्या दिवशी तिने गोळी घेतली.

काही अंडी बुरशीने पांढरी झाली, ती मी चिमट्याने वेचली. चौथ्या दिवशी डोणीत पापणीच्या केसाएवढी पिल्ले दिसली. त्यांना उकडलेल्या अंड्याचा बलक लागणार होता, आणि ते घर तर कांदाही न शिवणारे. माळीणबाईंनी आपल्या घरून वाटीत बलक आणला. काकू डोणीकडे पाठ करून म्हणाल्या, "डोण बागेत आहे. माझं सोवळं घरात आहे. घाला."

पुढच्या रथसप्तमीला काकूंनी वाण म्हणून मासे लुटले. बायका काचेच्या बरण्या पदराखाली धरून घरी गेल्या. हौद हिरवागारच होता, कुंड्याही मांडल्या नव्हत्या. पहिली बरणी काकूंनी माळीणबाईंच्या हातात दिली.

माळीणबाईंनी ती उन्हात धरून पाहिली आणि मला विचारले, "मास्तर, ही बरणी तरी घासायची का न्हाय?"