पाचवं भोक

रणगाड्यांच्या कारखान्यात सगळे त्यांना रेघबाई म्हणत. छत्तीस वर्षं आराखडे काढणाऱ्या बाईला दुसरं काय म्हणणार? निवृत्तीला आठ दिवस उरले होते आणि नेमकं तेव्हाच नव्या रणगाड्याच्या मुख्य अभियंत्यानं विचारलं, "बाई, हे पाचवं भोक कशासाठी हो? सोमवारच्या बैठकीत जरा समजावून सांगा."

रेघबाईंची पाचावर धारण बसली.

भोक होतं एअर फिल्टर धरून ठेवणाऱ्या ब्रॅकेटला. बोल्ट चार, भोकं पाच. खरी गोष्ट अशी, की नोकरीच्या पहिल्याच महिन्यात कर्कटकातून शाई नीट उतरते का बघायला त्यांनी ब्रॅकेटच्या चित्रातच एक इवलंसं वर्तुळ मारलं आणि खोडायला विसरल्या. तपासनीसानं त्याला माप दिलं, साहेबांनी सही ठोकली आणि कारखान्यानं इमानेइतबारे भोक पाडलं.

पुढं जुना रणगाडा जाऊन दुसरा आला, दुसरा जाऊन तिसरा. इंजिन बदललं, तोफ बदलली, चिलखत जाड झालं. भोक मात्र ठाण मांडून बसलं. एकदा एका पुरवठादारानं दोनशे सुटी ब्रॅकेटं भोकाविना पाठवली, तर सगळीच्या सगळी 'सदोष' म्हणून परत! प्रशिक्षणाचे मास्तर तर, या भोकामुळे हादरे कमी बसतात, असं छातीठोकपणे शिकवायचे. परीक्षेत त्याला दोन गुणही होते. रेघबाईंनी कधी ब्र काढला नाही. गुपित ठाऊक होतं फक्त नवऱ्याला, आणि विषय निघाला की तो गृहस्थ पोट धरधरून हसायचा.

"सांगून टाक एकदाचं," रविवारी तो म्हणाला. "फार तर काय, हसतील. मी नाही का हसत?"

"तुमचं काय जातंय हसायला! जाताजाता माझ्या नावाला बट्टा लागेल, त्याचं काय?"

पण नव्या रणगाड्याच्या गळ्यातही हे लोढणं बांधून जायचं, हे काही त्यांच्या मनाला पटेना. सोमवारी त्या भरबैठकीत उभ्या राहिल्या आणि एका दमात बोलून गेल्या, "त्या भोकाला काही कारण नाही. ती माझी चूक आहे." मग शाईपासून सगळं सांगितलं. मास्तर छताकडे बघू लागले.

तेवढ्यात दुरुस्ती विभागाचे म्हातारे फिटर ताडकन उठले.

"कारण नाही? अहो बाई, तो फिल्टर उतरवायला तीन हात लागतात, आणि देवानं दिलेत दोन! आम्ही त्या भोकात आकडा अडकवतो, फिल्टर टांगतो आणि निवांत बोल्ट सोडवतो. नव्या आराखड्यातून भोक गायब, म्हणून तर मी आज भांडायला आलोय!"

"कारण सापडेना, म्हणून बाईंना विचारेपर्यंत काढून ठेवलं होतं मी," अभियंता पुटपुटला.

"घाला परत! आणि आता विषय निघालाच आहे, तर डाव्या बाजूलाही एक द्या. डावखुऱ्यांचे फार हाल होतात."

आधी मास्तरच फिस्सकन हसले, मग अख्खी खोली. रेघबाईंना तर हसता हसता रडू फुटलं. छत्तीस वर्षांचं ओझं उतरलं होतं. अभियंत्यानं पेन्सिल पुढं केली. त्यांनी डोळे पुसले, नीट माप घेतलं, वर्तुळ काढलं आणि झोकात सही केली.

नवरा दारातच वाट बघत होता.

"काय गं, सुटलीस का त्या भोकातून?"

"सुटतेय कसली! आणखी एक पाडून आले."