आंब्याच्या सालींचं स्पिरिट

सत्तरच्या दशकात मिरजेजवळच्या एका कारखान्यात आंब्याचा रस डब्यांत भरत. बी.एस्सी. झाल्यावर तिथल्या प्रयोगशाळेत मला नोकरी लागली. तिथून दोन कोसांवरच्या आमच्या गावाहून मी रोज एसटीनं जायची. हंगामात कारखान्यामागं साली आणि कोयींचे ढीग साचत, त्यांवर माश्या घोंघावत. रसाची गोडी तपासायचं काम माझ्याकडं होतं, म्हणून मला ठाऊक होतं, त्या उकिरड्यात केवढी साखर कुजत होती ते.

दादा, माझा थोरला भाऊ, एकाहत्तरच्या लढाईतून डावा हात मनगटापासून गमावून परत आला होता. घरी आल्यापासून तो गोठ्यासमोरच्या दगडावर बसून असायचा. विचारलं तर 'व्हय', 'न्हाई' एवढंच. आमचे वडील, आबा, अंगणातून जाता-येता त्याच्याकडं बघायचे आणि तसेच रानात निघून जायचे.

एका रविवारी मी त्याला म्हटलं, "दादा, सालींपासून स्पिरिट काढून बघायचंय. राकेल मिळत नाही, निदान स्टो तरी पेटंल. हात लावशील का?"

"एकच हाय," तो म्हणाला. पण उठला.

तो बैलगाडी घेऊन कारखान्यातून साली आणायचा. आम्ही त्या उकळून, ठेचून गोठ्यातल्या पिंपात भरायचो. पण लगदा इतका बुळबुळीत व्हायचा, की फडक्यातून थेंब गळायचा नाही. मग मी प्रयोगशाळेतून एक बुरशी आणली आणि ओल्या गव्हाच्या कोंड्यावर वाढवली. तिच्यात विकरं तयार होतात, ती गराचा चिकटपणा तोडतात. तो कोंडा भिजवून गाळलेलं पाणी कोमट लगद्यात ओतलं आणि दुसऱ्या दिवशी दादानं ढवळलं, तर लगदा ताकासारखा पातळ.

"आयला! ह्यानं तर कापून काढलं की गं!"

त्यानं आपण होऊन उच्चारलेलं, घरी आल्यापासूनचं ते पहिलं लांब वाक्य. आई चुलीपुढून उठून दारात आली होती.

गाळलेल्या रसात यीस्ट घातलं, तोंड बंद करून एक नळी पाण्याच्या बाटलीत सोडली. बुडबुडे यायला लागले तसा दादा पिंपाला कान लावून बसला.

"ह्यात जीव हाय व्हय?"

"यीस्टचा. ते साखर खातं आणि स्पिरिट सोडतं."

"खाऊ दे बिचाऱ्याला," तो म्हणाला, आणि हसला.

पहिल्या दोन खेपांना आंबून नुसतं व्हिनेगर झालं. दादानं पिंप उन्हात घासूनपुसून वाळवलं, उकळतं पाणी फिरवलं आणि पुन्हा भरलं. तिसऱ्या खेपेला आंबलेला रस उकळून, वाफ तांब्याच्या नळीतून गार करून जे पाणी निघालं, त्याचं आम्ही आणखी दोनदा ऊर्ध्वपातन केलं. वाटीत ओतून काडी लावली तर पेटलं. ज्योत इतकी फिकी निळी, की दादानं टोपी काढून तिच्यावर सावली धरली, तेव्हा कुठं दिसली. त्या दुपारी आईनं त्या स्पिरिटवर चहा केला. आबांनीही एक कप घेतला.

परवान्याचा विचार माझ्या मनात आला नव्हता असं नाही. आधी जमू दे, मग अर्ज करू, असं मी ठरवलं होतं.

पुढच्या रविवारी सकाळी दारूबंदीवाले आले. कुणीतरी वास आल्याचं कळवलं होतं. गोठ्यात पिंप, नळी, बाटल्या. प्रयोगाच्या नोंदींची माझी वही माझ्याच हातात.

"कुणाचं हे?" साहेबानं विचारलं.

मी तोंड उघडलं, तोवर दादा पुढं झाला. "माजं हाय, सायेब. भनीचा काय संबंध न्हाई." मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "आत जा. आईला सांग, सायबास्नी च्या ठेव."

आणि मी आत गेले.

त्याला गावातून चालवत नेलं. दोन दिवसांनी तो सुटून आला तेव्हा मी म्हणाले, "मी जाऊन खरं सांगते."

"तुजी नोकरी जाईल, लगीन ऱ्हाईल. मला काय हुतंय?"

त्याला झालं ते असं. गावच्या शाळेत कवायत शिकवायला त्याला घेणार होते; हेडमास्तरांनी नको म्हणून निरोप धाडला. माणसं त्याला हातभट्टीवाला म्हणायला लागली. आबांनी त्याच्याशी बोलणं सोडलं. दिवाळीनंतर तो पुण्याला पहारेकऱ्याच्या नोकरीवर गेला. माझ्या लग्नाला आला, तोही मांडवाच्या बाहेरच उभा राहिला. तीन वर्षांनी काविळीनं गेला. दारूच्या थेंबाला त्यानं कधी तोंड लावलं नव्हतं, पण दहाव्याला नदीवर जमलेल्यांपैकी एक जण सहज बोलून गेला, "पित हुता न्हवं का."

त्या दिवशी घरी आल्यावर मी आबांना सगळं सांगितलं. ते भिंतीला टेकून ऐकत होते.

"तवा का न्हाई बोललीस?"

"भ्याले, आबा."

"म्या तरी कुटं इचारलं त्याला," ते म्हणाले. "एकदाबी इचारलं न्हाई."

आई आतून ताटं घेऊन आली. आम्हा दोघांपैकी कुणीच जेवलं नाही.