सुलेमानी चहातले आलुबुखार

आधी खालांबद्दल सांगते, मग बाकीचं.

अबुधाबीत मी ज्या बिल्डिंगमध्ये कामाला होते तिच्या तळाशी एक बकाला होता, म्हणजे किराण्याचं छोटंसं दुकान, आणि त्याच्या डोक्यावरच्या बुटक्या मजल्यावर खाला राहायच्या. रत्नागिरीकडच्या, खाडीकाठच्या. त्यांचे यजमान एका कंपनीची बस चालवायचे. आमचं गाव खाडीच्या अलीकडे आणि त्यांचं पलीकडे, मध्ये फक्त तर, म्हणजे पलीकडे नेणारी होडी. एवढ्या ओळखीवर त्यांनी मला घरातली करून टाकलं. नात्याने माझ्या कुणी नव्हत्या, पण बिल्डिंगमधल्या कामवाल्या सगळ्याच त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणायच्या. आज मी लोकांना सांगते की मी कुक आहे, ते या बाईमुळे.

मी पाचव्या मजल्यावर एका फ्रेंच कुटुंबाकडे होते. नव्वदचं दशक संपत आलं होतं. सर तेलकंपनीत, मॅडम घरी. मला घेतलं होतं झाडूपोछा आणि इस्त्रीसाठी. मी सातवीत शाळा सोडलेली, इंग्रजी तोडकंमोडकं, आणि स्वभावाने पहिल्यापासून घाबरट. गॅसचं बटण बंद आहे ना हे बघायला मी जिन्यातून परत यायचे. गावी आईजवळ माझी मुलगी शिकत होती. तिची शाळा माझ्या व्हिसावर चालायची, आणि व्हिसा सरांच्या सहीवर.

मॅडमना दिवस गेले तेव्हा त्यांना स्वयंपाकही बघणारी बाई हवी झाली. कुणीतरी एक फिलिपिनो बाई सुचवली होती, केक-बिक करणारी. दोन बायका ठेवणं शक्य नव्हतं. मॅडम मनाने चांगल्या, त्यांनी मला स्पष्टच सांगितलं, "पापा कमिंग थर्सडे. यू मेक फार ब्रेतों. देन वी सी."

पापा म्हणजे मॅडमचे वडील, आणि फार ब्रेतों हा त्यांच्याकडचा, फ्रान्समधल्या ब्रिटनीतला पदार्थ. अंडी, दूध, साखर, मैदा यांचं पातळ पीठ, आणि त्यात सुकवलेली प्लम. मॅडमनी तो एकदा मी इस्त्री करत असताना केला होता आणि दुसऱ्या दिवशी फ्रिजमधला गार तुकडा मला दिला होता. तेवढीच माझी विद्या. बाकी त्यांनी तोंडी सांगितलं, मी मान डोलावली. समजलं नाही तरी मान डोलवायची माझी सवय.

गुरुवारी सकाळी दोघं हॉस्पिटलला तपासणीसाठी गेली, तिथून परस्पर पापांना आणायला एअरपोर्टला जाणार होती. घरात मी एकटी. पीठ नीट झालं, आपल्या घावनासारखं पातळ. मग मी पाकीटभर प्लम घेतली आणि बारीक चिरली. आमच्याकडे शिऱ्यात काय, खिरीत काय, सुका मेवा चिरूनच घालायचा, प्रत्येकाच्या वाटीत थोडा यायला हवा. ती चिरलेली फळं मी पिठात घालून चांगली घोटली. बघते तर पीठ पावसाळ्यातल्या ओहोळासारखं गढूळ! मॅडमचं तर पिवळंधमक होतं. पाकीट संपलेलं. रमजान चालू होता, बकाला दुपारी बंद. मला समोर फिलिपिनो बाईच दिसायला लागली, माझ्या एप्रनमध्ये.

मी धावत खाली गेले. खाला नमाज आटपून जानमाज, म्हणजे नमाजाची चटई, उचलत होत्या.

"काय गो बाय, तोंड असं का? कोण मेलं?"

"मीच मेले, खाला," म्हणून मी सगळं सांगितलं. चिरलेल्या प्लमपैकी एक तुकडा मुठीत होता, तो दाखवला.

खालांनी तो बोटांत धरून वास घेतला. "हा तर आलुबुखार! अगो, बिर्याणीत आलुबुखार चिरून टाकतं का कोण? अख्खा टाकायचा. जीव सोडतो नायतर." आणि फळीवरची बरणी काढली. त्यांचे आलुबुखार सुकून खडखडीत झालेले, आणि बियांसकट; मॅडमच्या पाकिटातली प्लम बिनबियांची होती.

"हे आंबट असतील ना?"

"असू दे. गोड पाण्यात भिजव."

मॅडम रममध्ये भिजवायच्या. रमची बाटली वर कपाटात होती, पण खालांसमोर, तेही रमजानात, ती काढायची माझी छाती होईना. खालांनीच विचारलं, "त्या गोऱ्या कशात भिजवतात?" मी खाली बघितलं. त्या हसल्या. "कळलं. आपण सुलेमानी करू." आणि रोजा असलेल्या त्या बाईने माझ्यासाठी कडक काळा चहा उकळला, भरपूर साखर घालून, आणि त्यात फळं टाकली. फळं टम्म फुगेपर्यंत मी त्यांच्या दारात उभी राहून लिफ्टचा आवाज ऐकत होते.

मग त्या माझ्याबरोबर वर आल्या. नवीन पीठ केलं. "मीठ-साखर तू बघ, माझ्या जिभेला आज सुट्टी," म्हणाल्या. लोणी लावलेल्या भांड्यात आलुबुखार अख्खे मांडले, वरून पीठ ओतलं, आणि ओव्हनच्या काचेपुढे दोघी उकिडव्या बसलो.

"नाव काय म्हणालीस याचं?"

"फार."

"फार! आणि भांडं एवढंसं!"

पाऊण-एक तासात तो असा फुगला की भांड्याच्या वर आला. खाला म्हणाल्या, "माशाल्ला!" बाहेर काढला, ओट्यावर ठेवला, आणि आमच्या डोळ्यांदेखत तो सुस्कारा टाकल्यासारखा खाली गेला. मध्ये खड्डा.

"बसला गो!" खाला कुजबुजल्या. मला रडूच फुटलं. बसलेला केक म्हणजे फुकट गेलेला केक, एवढं तर मलाही माहीत होतं.

"रडू नको. अस्रच्या नमाजाची वेळ झाली, मी जाते. दुवा करते. आणि हे बघ, वाईट झाला तरी फेकू नको, रोजा सोडताना मला तुकडा आण. मी खाईन."

"आणते, खाला," मी म्हटलं.

संध्याकाळच्या आत ती सगळी आली. मॅडम थेट किचनमध्ये. मी भांड्यापुढे उभी राहिले, जणू ते लपणार होतं.

"मॅडम, सॉरी. गो डाऊन."

मॅडमनी डोकावून बघितलं आणि खो खो हसल्या. "ऑफ कोर्स! इट मस्ट गो डाऊन!" तो बसायलाच हवा म्हणे. ओव्हनमधून निघालेला मी कधी बघितलाच नव्हता, गार तुकडाच तेवढा.

पण माझा जीव अजून बियांत अडकला होता. पापांनी पहिला घास घेतला, थांबले, आणि तोंडातून बी काढून बशीत ठेवली. टक् असा आवाज झाला. सरांनी माझ्याकडे बघितलं. मग पापा फ्रेंचमध्ये बोलू लागले, हळूहळू, बराच वेळ. मला एक अक्षर कळत नव्हतं. मी मनात बॅग भरत होते.

मॅडमनी सांगितलं, "हिज मदर, सेम. ऑल्वेज विथ स्टोन." त्यांच्या आईच्या घरी बिया काढत नसत. लहानपणी भावंडं बशीच्या काठावर बिया लावून मोजायची. आणि वास चहाचा आहे का, असं ते विचारत होते.

"येस सर, टी. नो रम."

पापांनी बशी पुढे केली. आणखी हवा होता.

सरांचे दोघे-तिघे ऑफिसवाले भेटायला आले, त्यांनीही खाल्ला. भांडी उचलायला गेले तेव्हा मॅडम माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "आफ्टर बेबी, किचन युवर्स. फिलिपिनो लेडी, खलास." मी थँक्यू म्हणायचं विसरून गेले आणि नळ सुरू करून उभी राहिले.

बाहेर मगरिबची, रोजा सोडायची अजान झाली. भांड्यात बघितलं तर नुसत्या कडा.

मी रिकाम्या हाताने खाली गेले. खाला खजूर तोंडात घालत होत्या. मी मान हलवली तशा त्या उडाल्याच. "एक पण तुकडा नाय उरला? मग तर जिंकलीस गो तू! बस, शरबत घे." आणि मलाच वाढलं त्यांनी.

पुढच्या आठवड्यात करून देऊ, असं मी रोज ठरवायचे. पण मॅडमच्या घरातलं एक अंडंसुद्धा खाली न्यायचा मला धीर नव्हता, आणि विचारायचा त्याहून नव्हता. मग मॅडमचं बाळंतपण आलं. ईद झाली आणि खालांच्या यजमानांचं काम सुटलं, दोघं कायमची गावी गेली. मी त्या घरात पुढे बरीच वर्षं स्वयंपाक केला. मुलगी बारावी झाली, पुढेही शिकली. आता मी शारजात दुसऱ्या घरी आहे.

मध्ये फोनवर खाला म्हणाल्या, गुडघे गेले, दात पण गेले. मी म्हटलं, खाला, तो पदार्थ बिनदाताचाच आहे. या सुट्टीला तरीत बसून खाडी ओलांडून येणार, ओव्हन नसेल तर तोही घेऊन येणार, आणि तुमच्यापुढे तुकडा नव्हे, अख्खं भांडं ठेवणार. तुमचं पोट भरेपर्यंत दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही. इन्शाल्ला.