तात्यांच्या सबबींचा ट्रॅक्टर

बारामतीच्या शोरूममधल्या माणसानं छापील फॉर्म माझ्यापुढं सरकवला आणि विचारलं, "काम काय हाय ट्रॅक्टरला? ऊस, का नांगरट?"

मी म्हणालो, "बिऱ्हाड ओढायचंय."

त्याला वाटलं, मी घर बदलतोय. "मग भाड्यानं घ्या की एक दिवस," तो म्हणाला. मी त्याला समजावत बसलो नाही. मला त्या दिवशी कुणाला काही समजावायचं नव्हतं, मला सूड घ्यायचा होता. सूड घ्यायला ट्रॅक्टर लागतो हे ऐकून कुणी हसेल, खुशाल हसावं.

आम्ही लासुर्ण्याच्या बाजूचे मेंढपाळ. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कोकणात उतरायचं आणि पावसाळ्याच्या तोंडावर परत यायचं. गडी मेंढरांमागं रानारानानं चालणार, बायका घोड्यावर संसार लादून सडकेनं पुढं जाणार. भांडी, धान्य, कोंबड्या, तान्ही पोरं, नुकतीच झालेली कोकरं, सगळं घोड्याच्या पाठीवर. बिऱ्हाड म्हणतो ते हेच. आणि बिऱ्हाडाच्या पुढं घरातली सगळ्यात मोठी बाई. आज कुठं उतरायचं, कुठल्या झाडाखाली चूल मांडायची, पाणी कुठलं घ्यायचं, हे ती ठरवणार आणि मागून येणारे गडी तिथंच येणार. आमच्यात हा मान माझ्या आईचा होता. "मेंढरं माझी, वाट हिची," असं माझे वडील, आबा, चारचौघांत सांगायचे.

दोन वर्षांपूर्वी परत येताना वरंधा घाटाखाली, कोकणच्या अंगाला, घोड्याचा पाय घसरला. लगाम आईच्या हातात होता. घोडं उठलं, आई उठली नाही, गुडघा दगडावर आपटून फुटला होता. तिथल्या डॉक्टरनं पट्ट्या बांधल्या आणि आडवी झोपवून घरी न्या म्हणाला. एसटी आली, पण तिच्या पायऱ्या आईला चढवेनात. परक्या मुलखात दुसरी कुठली गाडी आमच्यासाठी थांबणार? म्हणून मी एकटा एसट्या बदलत गावी आलो, तो थेट तात्यांच्या दारात.

तात्या म्हणजे आबांचे धाकटे भाऊ. कालव्याचं पाणी मिळाल्यावर त्यांनी मेंढरं मोडली आणि ऊस लावला, याबद्दल माझं काही म्हणणं नाही. त्यांचं घर आमच्या समोरच, मध्ये फक्त बोळ. ओट्याखाली लोखंडी घडीची खुर्ची टाकून ते दिवसभर बसायचे. खुर्चीच्या पाठीवर पांढऱ्या रंगानं त्यांचं पूर्ण नाव लिहिलेलं होतं. त्या खुर्चीवर पोराबाळांनाही बसायची परवानगी नव्हती. भावकीत ट्रॅक्टर-ट्रॉली तेवढी त्यांच्याचकडं होती.

"तात्या, आयचा गुडघा गेलाय. घाटाखाली पडलीय. ट्रॉली घिऊन चला," मी म्हणालो.

ते खुर्चीतून हलले नाहीत. "हूक वेल्डिंगचा हाय रं. चढाला तुटला म्हंजी?"

"मग घाटावर थांबा. आमी तिला वर आनतो."

"ब्रेकचा भरवसा न्हाय."

"सावकाश जाऊ की."

"माघचा दिवा लागत न्हाय. उशीर झाला तर कोन तरी येऊन आदळंल."

मी एकेक सबब खोडत गेलो आणि ते नवी काढत गेले. शेवटी मी पाठ फिरवली तेव्हा ते आत चुलतीला म्हणाले, "मेंढरांचा वास एकदा ट्रॉलीला लागला की जात न्हाय." हे म्हणणारा माणूस स्वतः मेंढरांच्या वाड्यावर जन्मला होता, मेंढीच्या दुधावर वाढला होता. त्यांनी सरळ नाही म्हटलं असतं तर मी कदाचित विसरलो असतो. हे वाक्य मात्र माझ्या जिव्हारी लागलं. मी ते घरी फक्त बायकोला सांगितलं, आईला नाही.

आई घोड्यावर बांधून आणली. दहा-बारा दिवस पाय लोंबता ठेवून आली बिचारी. गुडघा वाकडा जुळला. पुढच्या वर्षी तिला घरी ठेवून आम्ही गेलो. लग्न झाल्यापासून दिवाळीनंतर ती गावात कधी राहिली नव्हती. त्या वर्षी ती दारात बसून समोरची ती खुर्ची बघत राहिली. आम्ही परतलो तेव्हा ती एवढंच म्हणाली, "औंदा न्हाय गेले तर मी परत कवाच जायची न्हाय. मला हितं ठिऊ नगा."

आईला लांब चालता येत नव्हतं, म्हणजे तिच्या पायाखालचं घरच चालवायला हवं. पैशाची जुळवाजुळव कशी केली ती कथा सांगत नाही. ट्रॅक्टर घ्यायचा आणि त्यामागं पत्र्याच्या खोलीची ट्रॉली जोडायची असं मी ठरवलं. आबांना ते पसंत नव्हतं. "शेतकरी आपल्याला लेंडीखतासाठी रानात बसवतो, चाकाखाली रान दाबून घ्यायला न्हाय," ते म्हणाले. पण आईनं नुसतं बघितलं त्यांच्याकडं, आणि ते उठून मेंढरांकडं गेले.

तर तो फॉर्म. शोरूमवाला एकेक रकाना वाचत होता आणि मला तात्यांचा आवाज ऐकू येत होता. हूक? कंपनी फिटिंग, सगळ्यात जाड. ब्रेक? तेलातले, जे नवीनच निघाले होते. मागचा दिवा? एक नाही, दोन द्या. टायर? तात्यांच्या ट्रॅक्टरला आहेत त्याच्यापेक्षा मोठे. शोरूमवाला म्हणाला, "मोठं टायर कशाला? तुमाला चिखलनी करायची न्हाय." मी म्हणालो, "दिसायला पायजेत." चांगल्या गादीची सीट हवी का, तर नको, कारण तात्या सीटबद्दल काही बोलले नव्हते. पुढं सगळी वाट माझं बूड सोलून निघालं ते यामुळंच.

तो भला माणूस होता. म्हणाला, "यार्डात एक तयार उभा हाय. परवा घिऊन जा. हूक हितं बसवून देतो, कन्हेरीचा वेल्डर हाय आपला, एक नंबर काम."

वेल्डर शब्द ऐकला आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "वेल्डिंग नगं. कंपनी फिटिंगच पायजे."

"मग दिवाळीच्या माघं-म्होरं मिळंल. नक्की सांगत न्हाय."

"मिळू द्या." इतकं महागाचं उत्तर मी आयुष्यात दुसरं दिलं नसेल.

ट्रॉली बारामतीतच भिगवण रस्त्याच्या एका कारखान्यात करायला टाकली. वर पत्रा, दोन खिडक्या, आत एक फळ्यांची बाज, खाली कोकरांसाठी जाळी. मिस्त्रीनं विचारलं, "फरशी किती उंच ठेवू?" मी तात्यांच्या ओट्याला टेकून उभा राहून माप घेऊन आलो होतो. ओटा माझ्या कमरेला लागत होता. "त्याच्या वर एक वीत," मी म्हणालो. आई खिडकीत बसली की तात्या खाली दिसले पाहिजेत, एवढाच हिशेब. "मग पायरी लावतो," मिस्त्री म्हणाला. मी म्हणालो, "पायरी बाहेर लोंबती, शोभा जाती." माझ्या मनातल्या चित्रात आई आधीच वर बसलेली होती. ती तिथं गेली कशी, हे मी एकदाही बघितलं नाही. एसटीच्या पायरीला ती हरलेली मी या डोळ्यांनी पाहिली होती, तरीही.

एका सबबीला मात्र कुठल्याच फॉर्मात रकाना नव्हता. वासाला. तिच्यावर मी स्वतः तोड काढली. ट्रॉलीच्या आतून चारी बाजूंनी आमच्याच लोकरीची जुनी, न धुतलेली घोंगडी ठोकून घेतली. तात्यांच्या दारावरून जाताना त्यांच्या नाकात जायला हवा होता तो वास.

दिवाळी झाली. ट्रॅक्टर आला नाही. मी रोज लासुर्ण्याच्या एसटीडी बूथवर जाऊन फोन करायचो आणि रोज उत्तर यायचं, "गाडी निघालीय." इकडं कोऱ्हाळे बुद्रुकच्या एका शेतकऱ्याचा निरोप आला होता, रान रिकामं झालंय, लागवडीच्या आधी मेंढरं बसवा. आबा थांबणार नव्हते आणि थांबणं बरोबरही नव्हतं. मेंढरं निघाली. घोड्यावर संसार लादून माझी बायको पुढं झाली. आई गाठोडं बांधून दारात उभी होती.

"मेंढरं म्होरं आन मी माघं," ती म्हणाली. "आसं कधी झालं हुतं का रं?"

मी म्हणालो, दोन दिवसांत गाठू. ती पुढं चार दिवस माझ्याशी बोलली नाही. परवा मिळणारा ट्रॅक्टर मी हट्टानं लांबवला होता. सून एकदा पुढं होऊन रुळली की सासूनं मागून जाऊन मान परत मागायचा, असं आमच्यात होत नाही. समोरून तात्यांनी खुर्चीतून विचारलं, "वयनी, न्हाय गेला व्हय औंदा बी?" आई गाठोडं उचलून आत गेली. मला त्यांची मान मुरगळावीशी वाटली आणि माझीही.

पाचव्या दिवशी ट्रॅक्टर मिळाला. बारामतीतून ट्रॉली जोडून मी गावात आलो तेव्हा निम्मा गाव बोळात जमला. आमच्या दारात दगडी जोतं आहे. ट्रॉली त्याला लावली असती तर आई जोत्यावरून सरळ आत गेली असती, उंबरा ओलांडावा तशी. पण मी ती लावली तात्यांच्या दारात, अगदी खुर्चीपुढं, आणि हॉर्न वाजवला. तिथूनच आईनं चढलेलं मला हवं होतं.

आई काठी टेकत बोळ ओलांडून आली. ट्रॉलीचा दांडा धरला, चांगला पाय उचलला. वाकड्या गुडघ्यावर भार पेलेना. तिनं पाय खाली ठेवला, परत उचलला. फरशी तिच्या छातीला लागत होती. मी तिला उचलायला वाकलो तर तिनं माझा हात झटकला.

"उचलून टाकायला मी काय कोकरू हाय?"

तिचे डोळे भरलेले मी बघितले. ज्या माणसासमोर तिची मान उंच व्हावी म्हणून मी एवढा खटाटोप केला, त्याच्याचसमोर मी तिला उभी करून तिची फजिती केली होती. असा सूड वैऱ्यालाही जमला नसता.

मग तात्या उठले. त्यांनी आपली खुर्ची उचलली, ट्रॉलीच्या दाराशी ठेवली आणि हलू नये म्हणून पाठ दोन्ही हातांनी घट्ट धरली. "चढा वयनी," ते खाली बघत म्हणाले.

मला ती खुर्ची लाथेनं उडवावीशी वाटली. त्यांचा चांगुलपणा मला नको होता, आणि आत्ता तर मुळीच नको होता. पण आई एक क्षण त्यांच्याकडं बघत राहिली. मग तिनं खुर्चीच्या बरोबर मधोमध, ते बसायचे तिथं, चप्पल न काढता पाय ठेवला, जोर लावला आणि वर गेली. आत जाऊन बाजेवर बसली, घोंगड्यावरून हात फिरवला, खिडकी उघडली.

तात्यांनी उपरण्यानं खुर्चीवरची माती पुसली आणि ती घडी करून दाराकडं निघाले.

"भावजी," आई वरून म्हणाली, "खुर्ची हिकडं द्या."

त्यांना थट्टा वाटली. ते हसले.

"हसता काय? माझ्या ल्योकानं समदं केलं, पायरी इसारला. वाटंनं मी उतरू कशी? ट्रॉली दिली न्हाय तुमी. खुर्ची तरी द्या."

गाव बघत होता. तात्यांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, कारण ते काढून ठेवायला त्यांना जागा सापडत नव्हती. शेवटी त्यांनी ती खुर्ची स्वतःच्या हातानं वर केली आणि आईनं ती आत ओढून घेतली.

"वास लागंल तिला," आई म्हणाली, "मंग जायचा न्हाय." आणि तिनं खिडकी लावून घेतली.

मी हे तिला कधीच सांगितलं नव्हतं. बायकोनं सांगितलं का, हे मी आजवर विचारलेलं नाही. मी ट्रॅक्टर चालू केला आणि कोऱ्हाळ्यापर्यंत एकटाच मोठमोठ्यानं हसत गेलो.

तिथं पोचलो तेव्हा त्याच दिवशी येऊन पोचलेली माझी बायको घोडं धरून सडकेच्या कडेला उभी होती. तिनं संसार उतरवलाच नव्हता. "आत्या, कुठं उतरायचं?" तिनं विचारलं. आईनं खिडकीतून रान न्याहाळलं, एका बाभळीकडं बोट केलं आणि मला म्हणाली, "तितं खुर्ची टाक." त्या वर्षी घाटापर्यंत आणि घाटाखाली हाच हुकूम चालला. ट्रॅक्टर पुढं जाऊन थांबायचा, खुर्ची खाली यायची, तिच्यावर पाय देऊन आई उतरायची आणि मग मेंढरं येईपर्यंत तिच्यावरच बसून राहायची. कोकणातले लोक पाठीवरचं नाव वाचून विचारायचे, हे कोण? "आमचं भावजी," ती सांगायची. "ते घरीच हायती."

पावसाळ्याआधी आम्ही परतलो तेव्हा तात्यांच्या दारात प्लास्टिकची लाल खुर्ची होती. त्यांनी जुनी मागितली नाही. पुढं मिस्त्रीनं दोनदा विचारलं, पायरी लावून देऊ का? मी आईकडं बघितलं. ती म्हणाली, "कशाला? हाय की आपल्याकडं." मी पायरी लावली नाही.