आबांच्या हातात मी पाना दिला

एका शनिवारी संध्याकाळी कामावरून घरी आले तर माझी सायकल पोर्चच्या पायरीवर आडवी पडली होती. तिच्याखाली आबांची चार पायांची काठी अडकलेली. आबा, म्हणजे माझे वडील, आत खाटेवर भिंतीकडं तोंड करून बसले होते. काठीशिवाय, भिंत धरत धरत आत गेले असणार.

"सायकल कशी पडली?"

"मला काय म्हाईत? वारं आलं असंल."

वारं नव्हतं. साखर कारखान्याच्या मळीचा वास सगळ्या कसबा बावड्यावर जागच्या जागी थांबला होता. मी काठी सोडवून आणली, त्यांच्यासमोर ठेवली आणि स्वयंपाकाला लागले.

आबांची उभी हयात उद्यमनगरात लेथवर गेली. दीड वर्षापूर्वी अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. भाऊ पुण्यात, आई आधीच गेलेली, म्हणून ते माझ्याकडं. आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपिस्ट बाई यायच्या. आबा दिवसभर रबरी चेंडू दाबत बसायचे. महिन्याभरापूर्वी त्यांनी पहिल्यांदा उजव्या हातानं चहाचा कप उचलला होता आणि ते भावाला फोन करून सांगितलं होतं.

रविवारी पहाटे सायकल फिरवून बघितली तर मागचं चाक दर फेऱ्याला एकदा खर्र करत होतं. डिस्क ब्रेकची ती पातळ पोलादी चकती पडताना पायरीवर आपटून वाकली होती. ब्रेकचे दोन पॅड तिच्या दोन्ही बाजूंना असतात, मधे फट जेमतेम कागदाएवढी. चकती जराशी डुलली तरी घासते. सात वाजता माझ्या दोघी मैत्रिणी येणार होत्या, आम्ही जोतिबाला निघणार होतो. मी सायकल उलटी करून पोर्चमध्ये ठेवली.

आतून हाक आली, "मला भाईर घे."

मी त्यांना धरून आणलं आणि बुटक्या वेताच्या खुर्चीत बसवलं. त्या खुर्चीतून त्यांना एकट्यानं उठता येत नाही.

"फिरीव. हळू." त्यांनी डोळे मिटले. "थांब." डोळे उघडले. "व्हॉल्वच्या म्होरं तिसरी तार. तितं चकती आतल्या अंगाला आलीया."

मी चकतीमागं पांढरा कागद धरून बघितलं. बरोबर तिथंच फट मिटत होती. मार्करनं खूण केली, पॅडपासून लांब फिरवून घेतली आणि छोट्या पान्यात चकतीची कड धरली.

"भाईर ओढ. केसभर. केस म्हंजे केसच, दोरखंड न्हवं."

ओढलं, फिरवलं, पुन्हा ऐकलं. मग दुसरी जागा, मग तिसरी. त्यांचा कान एकदाही चुकला नाही. आवाज बारीक होत होत एका ठिकाणी नुसता पुसट स्पर्श उरला. आबा खुशीत आले होते.

"जमतंय की. तुज्या भावालाबी कधी येवढं जमलं न्हाय."

हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. मला आठवली ती सातवीतली मे महिन्याची सुट्टी. भाऊ रोज आबांबरोबर कारखान्यात जायचा, मी हट्ट करून एक दिवस गेले. माप घेताना व्हर्नियर माझ्या हातातून पडला. आबांनी मशीन बंद केलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हिच्या हाताला अक्कल न्हाय," आणि जमिनीवरचा लोखंडाचा कीस मला हातांनी गोळा करायला लावला. हातमोजे मागितले तर म्हणाले, सवय हुईल. संध्याकाळपर्यंत बोटं चिरली होती. कामगार हसत होते, भाऊही हसत होता. जेवताना मला ताटातल्या मिठाला हात लावता येईना, तेव्हा आबा आईला म्हणाले, "आता न्हाय यायची परत." खरंच, मी परत गेले नाही.

आणि भावाला जमत नाही हे त्यांना माहीत होतं. सुरुवातीपासून माहीत होतं.

"ऱ्हायलेलं मी करतो," आबा म्हणाले. "दे इकडं."

सकाळच्या वेळी त्यांची बोटं जास्त आखडलेली असतात. खांद्यातून जोर येतो, पण तो बोटांना आवरत नाही. फिजिओथेरपिस्ट बाईंनी हे मला समजावून सांगितलं होतं. माझ्याजवळ दोन पाने होते. मी पेटीतून मोठा, जड काढला आणि त्यांच्या उजव्या हातात दिला.

तेवढ्यात फाटक वाजलं. दोघी आल्या. बाहेरची माणसं बघताहेत म्हटल्यावर आबा ताठ बसले.

"या. पाच मिंटात देतो हिची गाडी."

त्यांनी पाना चकतीवर चढवला. पान्याचं वजन हाताला पेलत नव्हतं. मी हात पुढं करून आधार देऊ शकले असते. मी हाताची घडी घालून उभी राहिले. मग खांद्यातून सगळा जोर एकदम खाली आला आणि चकती पत्र्यासारखी वळली. पाना फरशीवर पडला.

"हे बघा," मी मैत्रिणींना म्हणाले, "लेथवर जन्म काढलेल्या माणसाचं काम."

एक जण हसली. दुसरी खाली बघू लागली. आबांनी उजवा हात डाव्या हातानं उचलला आणि मांडीवर ठेवला.

मी छोटा पाना घेतला. तीच जागा आधी ढोबळ सरळ केली, मग थोडी थोडी इकडून तिकडून. अर्धा तास गेला. मैत्रिणी थांबल्या. आबांना मी एकदाही विचारलं नाही की कुठं लागतंय. चकती पूर्ण सरळ झाली नाही, पण चाक फिरायला लागलं. स्पिरिटनं पुसली, सायकल सुलटी केली आणि निघाले.

शिवाजी पुलावर माझ्या लक्षात आलं की त्यांना आत नेलेलं नाही. पोर्चमध्ये आठनंतर ऊन येतं. मी मागं वळले नाही. केर्लीच्या फाट्यावर आम्ही चहा प्यायलो, तेव्हाही मला आठवत होतं. चढ चढून देवळापर्यंत गेले, दर्शन घेतलं, सावकाश उतरले.

घरी आले तेव्हा साडेदहा झाले होते. आबा तिथंच होते. उन्हानं तोंड लाल झालेलं, लेंगा ओला, खुर्चीखाली फरशीवर ओल. शेजारपाजारी कुणाला त्यांनी हाक मारली नव्हती. मी काखेत हात घालून त्यांना उठवलं.

"घासतंय काय अजून?" त्यांनी विचारलं.

"न्हाय," मी म्हणाले. सगळा चढ ते घासत होतं.

त्यांना आंघोळ घातली, जेवायला वाढलं. दुसऱ्या दिवशी चेंडू खाटेखाली गेला आणि त्यांनी तो मागितला नाही. मीही काढून दिला नाही. चहा ते डाव्या हातानं घेऊ लागले.

दोन आठवड्यांनी फिजिओथेरपिस्ट बाईंनी त्यांची बोटं उघडून बघितली आणि म्हणाल्या, "आबा, व्यायाम बंद केलाय का तुम्ही? इतकं छान येत होतं. काय झालं?"

आबांनी माझ्याकडं मान वळवली. "हिला इचारा की."

बाई माझ्याकडं बघत राहिल्या.

"वय झालंय त्यांचं," मी म्हणाले. "कंटाळा करतात."

बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. आबा खिडकीबाहेर बघत होते.

आता त्यांची मूठ कायमची मिटलेली असते. दर रविवारी नखं काढायला मी त्यांच्यासमोर बसते आणि एकेक बोट जोर लावून उघडते. त्यांना दुखतं. ते तोंडातून आवाज काढत नाहीत, आणि मी दुखतंय का म्हणून विचारत नाही.