ठंडी गल्ली आणि बाईंचं निंबाचं झाड

झाडं तोडायच्या धंद्यात लाकूड मागे राहत नाही, किस्से राहतात! लाकूड एक-दोन दिवसांत आरा मशीनवर जातं. किस्से कोणी नेत नाही. ते आमच्या पिकअपमध्ये दोरखंडाशेजारी पडून असतात. जेवायला बसलं की एक निघतो, त्याच्या मागून दुसरा. सगळे सांगायला गेलो तर अख्खा उन्हाळा जाईल, म्हणून आज एकाच गल्लीचे सांगतो.

आम्ही तिघं. शंकरकाका आमचे मुखिया, रामपायलीकडचे. इरफानभाई पिकअप चालवतात आणि खालून दोर धरतात. मी वर चढतो. आठवीत शाळा सोडली तेव्हापासून चढतोच आहे. मला लोकांशी बोलायला जमत नाही, त्यामुळे वर बरं वाटतं.

गल्ली मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटातलीच आहे, नाव राहू द्या. ऑटोवाले तिला "ठंडी गली" म्हणायचे. दोन्ही बाजूंना मोठी झाडं, भर दुपारी माणूस तिथून हळू चालायचा. गल्लीच्या शेवटी कटरेबाईंचं घर. बाई टेलिफोन एक्सचेंजमधून रिटायर झालेल्या. नवरा वारला, मुलगा हैदराबादला. फाटकाबाहेर भलं मोठं निंबाचं, म्हणजे कडुनिंबाचं झाड. त्याच्याखाली ऑटोवाले थांबायचे, भाजीवाली टोपली उतरवायची, शाळेतून येणारी पोरं दप्तरं टाकायची. बाई आतून खुर्ची ओढून आणायच्या आणि गप्पा सुरू! त्या गल्लीत काम असलं की आमचा डबाही तिथंच उघडायचा.

एकदा बाई म्हणाल्या, "माणसं माझ्यासाठी नाही थांबत रे. सावलीसाठी थांबतात. थांबले की बोलतात. हे झाड हाये म्हणून मी दिवसातून चार शब्द बोलते. नाहीतर टीव्ही बोलते अन् मी ऐकते."

काका म्हणाले, "तुमच्या झाडाले कोण हात लावते बाई!"

* * *

आधी काकांची एक पद्धत सांगतो. झाड तोडायचं असलं की काका आदल्या दिवशी संध्याकाळी तिथं जातात. बुंध्याला हात लावतात आणि वर पाहून सांगतात, "उद्या येऊन राह्यलो बाप्पा. ज्यायले जायचं त्यायनं आजच जा." म्हणजे पाखरांना नोटीस! त्यांचे वडीलही असंच करायचे म्हणे.

पण नुसतं जा म्हणणं काकांना पटायचं नाही. "माणसाले घर खाली कराले लावलं तर दुसरीकडचा पत्ता नको काय द्यायले?" म्हणून ठंडी गल्लीत काका पत्तासुद्धा द्यायचे. "शेवटल्या घरी बाईचं निंब हाये. तिथं जागा हाये. बाई चांगली हाये."

आम्ही हसायचो. इरफानभाई विचारायचे, "काका, पिनकोड बताया क्या?"

* * *

गल्लीत पहिला नंबर पटले साहेबांचा. दारात देशी बदामाचं झाड, छत्रीसारखं पसरलेलं. साहेबांची एकच तक्रार, "रोज दो बाल्टी पत्ता गिरता है! झाडू कौन मारेगा?"

नगरपालिकेची परवानगी त्यांनी आणली होती. त्यात झाड खतरनाक लिहिलं होतं. मी वर चढलो तर एक वाळकी फांदीसुद्धा सापडेना. पण आपण विचारणारे कोण! संध्याकाळपर्यंत दार मोकळं झालं. साहेबांनी झाडूवालीला सांगून टाकलं, "कल से मत आना."

आठ-दहा दिवसांनी त्यांचा फोन. "अरे, घर भट्टी बन गया है. एसी लगवाया है. तुम लोग आओ जरा."

एसी लावायला आम्ही कशाला? तरी गेलो. भिंतीवर एसीचा बाहेरचा डबा लावलेला, त्याच्यावर रणरणतं ऊन. शेजारी मेकॅनिक डोकं धरून बसलेला.

साहेब म्हणाले, "ये बोल रहा है, डब्बे को छाया चाहिए, नहीं तो ठंडा नहीं करेगा. इसके ऊपर कुछ लगा दो ना!"

काकांनी बदामाच्या उरलेल्या खुंटाकडे पाहिलं. म्हणाले, "होतं ना साहेब. चांगलं लावलेलं होतं."

* * *

दुसरे टेंभरेजी. त्यांना टेन्शनचा त्रास. डॉक्टरांनी सांगितलं होतं, शांत बसा, हिरवं पाहा, मन खुश ठेवा. दारातला आंबा मात्र त्यांना नको होता. नवीन टाइल्सवर चीक पडतो, पोरं दगड मारतात, त्यानं टेन्शन वाढतं!

आम्ही कापायचं मशीन सुरू केलं आणि टेंभरेजी धावत बाहेर आले. "बंद करो, बंद करो! पंधरा मिनट रुको!"

मला वाटलं, मन बदललं. मी फांदीवरच बसून राहिलो, मनातून जरा खुशही झालो. इतका जुना आंबा, मोहोर गळून नुकत्याच कैऱ्या धरलेल्या.

टेंभरेजी आत गेले. खिडकी उघडी होती, वरून सगळं दिसत होतं. समोरच्या भिंतीवर जंगलाचा मोठा वॉलपेपर चिकटवलेला. टेंभरेजी त्याच्यासमोर मांडी घालून, डोळे मिटून बसले. मोबाइल सुरू केला. मोबाइलमधून कुण्या एका बाईचा आवाज आला, "आप एक घने जंगल में हैं..." आणि मग पक्ष्यांचा किलबिलाट.

पंधरा मिनिटं मोबाइलमधली कोकिळा ओरडत होती. आंब्यावरची खरी कोकिळा मशीनच्या पहिल्या आवाजालाच उडून गेली होती.

मग टेंभरेजी बाहेर आले. चेहरा एकदम शांत. हात जोडून म्हणाले, "हाँ भैया, अब काट दो."

* * *

तिसरे, गल्लीच्या तोंडाशी चौकातले गुप्ताजी किराणावाले. त्यांच्या घरासमोर गुलमोहर होता. तो खतरनाक नव्हता, पत्ता गिरत नव्हता, टेन्शनही देत नव्हता. तो कॅमेऱ्याच्या मधे येत होता! गुप्ताजींनी नवीन सीसीटीव्ही बसवला होता आणि स्क्रीनवर नुसती लाल फुलं दिसायची.

मी घाबरत घाबरत म्हणालो, "एक फांदी काढली तरी पुरेल."

गुप्ताजी म्हणाले, "रोज-रोज कौन बुलाएगा तुमको? जड़ से निकालो."

जड़ से काढलं. त्या गुलमोहराखाली एक चप्पल शिवणारा बसायचा, कॉलेजची पोरं गाड्या लावून उभी राहायची. दुसऱ्या दिवशी बुंधा न्यायला गेलो तर गुप्ताजींनी हौसेनं मोबाइल पुढे केला. "देख, अब कितना क्लियर आता है!"

आम्ही तिघं वाकून पाहू लागलो. रस्ता एकदम क्लियर. ऊन क्लियर. बऱ्याच वेळानं एक कुत्रा आला, इकडून तिकडे गेला.

इरफानभाईंनी विचारलं, "सेठजी, आदमी कहाँ गए?"

गुप्ताजी म्हणाले, "वही तो. अब कोई आता ही नहीं. एकदम सेफ हो गया!"

* * *

होळीनंतर जे सुरू झालं ते थांबलंच नाही. एकाचं पाहून दुसरा, दुसऱ्याचं पाहून तिसरा. गल्लीत सावली उरली ती फक्त बाईंच्या दारात. मग गल्लीतल्या सगळ्या कारगाड्या तिथं येऊन लागू लागल्या.

बाई किती खुश! सकाळी गाडी काढायला पटले साहेब येत, त्यांच्याशी दोन गोष्टी. संध्याकाळी टेंभरेजींशी दोन. आम्हाला म्हणायच्या, "माझ्या दारात आता पार्टीच्या नेत्याच्या दारासारखी गर्दी असते पाहा!"

पण काकांच्या पत्त्यावर पाखरंही पोचली होती. साळुंक्या, कावळे, पारवे, संध्याकाळी धानाच्या बांध्यांतून परतणारे बगळे. पूर्ण गल्लीची पाखरं एका झाडावर. खाली पूर्ण गल्लीच्या गाड्या. आता पुढचं सांगायची गरज आहे का! सकाळी पटले साहेबांच्या काळ्या गाडीचा रंग ओळखू येत नव्हता.

गाड्या दुसरीकडे लावा, असं कोणी म्हणालं नाही. सगळे म्हणाले, झाड काढा. झाड फाटकाबाहेर, म्हणजे सरकारी जागेत. बाईंची सही लागणार नव्हती.

बाई घाबरल्या. त्यांनी घरोघरी जाऊन सांगितलं, "मी पुसून देत जाईन तुमच्या गाड्या. सकाळी तुम्ही उठायच्या आधी पुसून ठेवीन. झाड राहू द्या."

आणि खरंच पुसू लागल्या! रिटायर झालेली बाई, हातात बादली, या गाडीवरून त्या गाडीवर. आम्ही एका सकाळी गल्लीतून जाताना पाहिलं. काका उतरले, त्यांच्या हातातून फडकं घ्यायला लागले. बाईंनी दिलं नाही. तेवढ्यात टेंभरेजी चावी फिरवत आले. मला वाटलं, आता हे लाजतील.

टेंभरेजी गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "आंटी, पीछे का कांच रह गया."

* * *

शेवटी परवानगी आलीच. एकमेकांशी कधी न बोलणारी गल्ली या एका कामासाठी एक झाली. व्हॉट्सअॅप ग्रुप काढला, वर्गणी केली. फोन आला तो आम्हालाच.

काकांनी नाही म्हणून सांगितलं. गल्लीतून उलटं बोलणं आलं, "तुम नहीं तो गोंदिया से बुला लेंगे." काकांनी फोन ठेवला आणि आम्ही सरळ बाईंकडे गेलो.

बाई पायरीवर बसल्या होत्या. म्हणाल्या, "तुम्हीच तोडा शंकरभाऊ."

"काहून बाई?"

"दुसरे येतील ते मशीन चालवतील अन् जातील. तुम्ही निदान जेवायले तरी बसाल."

आदल्या दिवशी संध्याकाळी काका झाडाला सांगायला गेले. आम्ही पिकअपमध्ये बसून होतो. वर पाखरांचा नुसता कल्ला. काकांनी बुंध्याला हात लावला, मान वर केली, तोंड उघडलं. मग मिटलं. परत आले आणि गाडीत बसले.

इरफानभाईंनी विचारलं, "बोल दिया, काका?"

काका चिडले. "काय बोलू? पत्ता कुठला देऊ?"

* * *

तोडायच्या दिवशी गल्लीतले सगळे आले. गाड्या लांब नेऊन लावल्या होत्या. लोक गच्च्यांवरून व्हिडिओ काढत होते. बाईंनी घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या खुर्च्या बाहेर टाकल्या, सगळ्यांना चहा केला. एवढी माणसं त्यांच्या दारात कधी आली नव्हती. पटले साहेबांनी चहाची तारीफसुद्धा केली!

मी वरून एकेक फांदी सोडत होतो, इरफानभाई दोर धरत होते. ऊन आधी पायरीवर आलं, मग खुर्च्यांवर. जिथं ऊन आलं तिथला माणूस उठला. फांद्या संपेपर्यंत खुर्च्या रिकाम्या झाल्या.

बुंधा पडला तेव्हा पाच-सहाजण उरले होते, भिंतीच्या कडेला, हातात चाव्या घेऊन. सगळे मोकळ्या आभाळाकडे पाहत होते. मग गुप्ताजींनी विचारलं,

"अब गाड़ी छाया में कहाँ लगाएँगे?"

काकांनी त्या दिवशी डबा उघडला, बाईंसमोर ठेवला, पण एक घासही खाल्ला नाही.

* * *

त्यानंतर ठंडी गल्लीत आम्हाला काम उरलं नाही. पंधरा-वीस दिवसांनी पुढच्या कॉलनीत जायचं होतं म्हणून तिथून निघालो. जूनचं ऊन, पाऊस अजून आला नव्हता. गल्लीत माणूस नाही. गाड्यांवर चंदेरी कव्हरं, घरांचे पडदे ओढलेले, प्रत्येक भिंतीवर एसीचे डबे घरघर करत होते.

बाईंच्या फाटकाबाहेर दोन खुर्च्या मांडलेल्या दिसल्या. एका खुर्चीच्या पाठीला काठी बांधली होती आणि काठीला मोठी काळी छत्री. त्या खुर्चीवर नीट सावली होती आणि ती रिकामी होती. दुसऱ्या खुर्चीवर बाई, डोक्यावर पदर घेऊन, भर उन्हात.

इरफानभाईंनी ब्रेक मारला. "आंटी! धूप में क्यों बैठी हो? छाते के नीचे बैठो ना!"

"अन् कोणी आलं तर?" बाई म्हणाल्या.

आम्ही खाली उतरलो. खुर्चीजवळ जाऊन उभे राहिलो. आम्ही तिघं आणि छत्रीखाली जागा एकाची. काका मला म्हणाले, तू बस. मी इरफानभाईंना म्हणालो, तुम्ही बसा. इरफानभाई काकांना म्हणाले. कोणीच बसेना.

बाईंनी पदरानं घाम पुसला आणि आमच्याकडे पाहून हसल्या.

"भांडता काहून? नंबरानं बसा. एकाचं बोलून झालं की दुसरा. मले काही घाई नाही."